बसम्माकाकूंचा राहिलेला पेपर

"लातूर जिल्हा व्हायच्या आत मी बी.ए. होते," असं बसम्माकाकूंनी भर दुकानात जाहीर केलं होतं. ब्याऐंशी साली जिल्हा झाला. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, रंगाऱ्यांना पाट्या रंगवायला दिवस पुरेना. काकूंचा मात्र एक पेपर राहिला तो राहिलाच: अपसामान्य मानसशास्त्र. माणसाचं मन कसं आणि कुठं बिघडतं, याचा तो पेपर. दोनदा बसल्या, दोनदा नापास.

"अगं, उस्मानाबादपासून लातूर सुटलं, तुझा पेपर काही सुटंना," त्यांचे यजमान वीरण्णा साखर तोलता तोलता म्हणत.

"तुम्ही काट्याकडं बघा," काकू म्हणत आणि पुस्तक गुळाच्या ढेपेला टेकवून पुढं वाचत.

तिसऱ्या खेपेला मात्र गंमत नव्हती. मुलींचं नवं वसतिगृह निघत होतं आणि तिथं अधीक्षिका पदवीधरच हवी होती. पोरं मोठी झाली होती, काकूंना ती जागा हवी होती. यंदा पास, नाहीतर जागा दुसरीची.

परीक्षेत तोंडी होती आणि तिच्यासाठी एक व्यक्तिअभ्यास लिहून न्यायचा होता. म्हणजे मनाचा काही त्रास असलेल्या खऱ्या माणसाशी बोलायचं, त्याचं सगळं समजून घ्यायचं आणि लिहायचं. काकू निघाल्या माणूस शोधायला. दुष्काळाचं साल, अख्खी गल्ली टँकरच्या रांगेत सापडली.

"मला काय धाड भरलीय?" धुरपताबाई घागरीवर बसून म्हणाल्या. "माझ्या सुनेला इचारा. वरीस झालं, हसली न्हाई."

"हसाया काय झालंय घरात?" सून मागून म्हणाली.

रांगेतल्या प्रत्येकाला मनानं बिघडलेलं माणूस माहीत होतं, आणि प्रत्येकाचं ते शेजारी राहत होतं.

वर्गातल्या पोरांनी सोपी वाट धरली. पुस्तकात मंत्रचळाचं प्रकरण होतं. त्यातली एक बाई दिवसभर नळाखाली हात धूत बसते. हात स्वच्छ झालेत हे मनाला पटतच नाही. सगळ्यांनी तीच बाई नाव बदलून उतरवली.

"काकू, तुम्ही बी तीच घ्या की," सिंधू म्हणाली. ती त्यांच्या बाकावरची.

"अगं, लातुरात प्यायला पाणी न्हाई. हात धुणारीला कोण देतंय? खोटं लिहावं, पण इतकं?"

आणि नेमकी तशीच बाई दुकानात उभी राहिली. दुष्काळात किराणा दुकानात सगळ्यात आधी साबण खपायचा थांबतो. वड्या धूळ खात पडलेल्या, आणि ही एकटी दिवसाआड वडी नेते. काकूंनी हेरलं. बाईचं नाव सरजाबाई म्हणू. खरं नाव काकूंनी वीरण्णांनासुद्धा सांगितलेलं नाही.

"एवढा साबण कशाला लागतो वं, बाई?"

"तुम्हाला विकायचाय का न्हाई?" सरजाबाई फणकारली आणि निघाली. काकू गल्ला उघडा टाकून तिच्या मागं गेल्या. तिच्या उंबऱ्यावर बसल्या, उठेचनात. शेवटी तिनं पदराखालचे हात बाहेर काढले. सोलून निघालेले.

"एकच घागर मिळते," ती म्हणाली. "धुतलेलं पाणी टाकवत न्हाई. परातीत धरते, त्यातच पुन्ना धुते. ते पाणी घाण, म्हणून हात घाण, म्हणून पुन्ना." मग ती रडली. "कुणाला सांगू नका, अव्वा. येडी म्हणून हाकलतील."

"न्हाई सांगत," काकू म्हणाल्या. त्या रोज जाऊ लागल्या, बसू लागल्या आणि ऐकलेलं सगळं, तिचं नाव न घालता, लिहून काढलं.

तोंडी घ्यायला नांदेडहून शेषेराव सर आले होते. काकूंची पाळी येईपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई, तुमचीही हातच धुते?"

"हाव सर."

"सकाळपासून सगळ्यांच्या बायका हातच धुतायत. एवढं पाणी या शहरात असतं तर मी आंघोळ करून आलो असतो. नाव काय तिचं?"

"नाव सांगणार न्हाई."

"मग मी हे उतरवलेलं धरणार. गुण नाहीत. पुन्हा नापास व्हाल."

काकूंच्या डोळ्यांसमोरून वसतिगृह गेलं. सिंधू दारातून खुणा करत होती: सांगा, कायबी एक नाव सांगा.

"नापास करा," काकू म्हणाल्या. "चौथ्यांदा बसते. शब्द दिलाय तिला. आणि पुन्ना पुन्ना पेपराला बसायचा चळ मलाबी हाय, नाव पायजेच असंल तर माझंच लिहा."

सरांनी चष्मा काढला. परातीचं पान पुन्हा वाचलं.

"सगळ्यांनी नावं पटापट सांगितली," ते म्हणाले. "एकानं तर दोन सांगितली. खरी बाई भेटलेला माणूसच असा अडून बसतो." त्यांनी गुण लिहिले. "अक्षर वाईट आहे, त्याचे दोन कापले. हिला डॉक्टरांना दाखवलंत?"

"मनाचा डॉक्टर इथं कुठाय?"

"नांदेडला एक बसतात, बुधवारी."

"पयली एस.टी. किती वाजता हाय, सर?" काकूंनी विचारलं.

आपण पास झालो का, हे विचारायचं राहूनच गेलं. ते सिंधूनं दारातून विचारलं.