हिवाळा न लागलेले हॅमस्टर

माझी थोरली बहीण पीएच.डी. झाली तेव्हा आईने शेजारणीला सांगितलं, सुटले बाई, संपलं एकदाचं शिक्षण. लगेच ताईने पोस्टडॉक घेतलं. एवढं होऊनही पुन्हा संशोधनच करायचं म्हटल्यावर आईने तिला हळूच विचारलं, "म्हणजे नापास झालीस का गं?"

ताईचा सगळा कारभार हॅमस्टरांचा. उंदरासारखे, मुठीत मावणारे जीव. दिवस लहान झाला की त्यांची तपकिरी लव पांढरी होते, वजन उतरतं, पिल्लं होणं थांबतं. काहींना मात्र हिवाळ्याचं सोयरसुतकच नसतं. हा फरक पिढ्यान्‌पिढ्या कसा घडत आला, ते ताईला शोधायचं होतं. त्यासाठी एका बिनखिडकीच्या खोलीत तिने कायमचा हिवाळा मांडला होता: थोडा वेळ दिवे, बाकी मिट्ट काळोख.

महिने उलटले, पण एकही हॅमस्टर पांढरा होईना. उलट सगळे गुबगुबीत, आणि पिंजऱ्यात पिल्लांची रीघ. हिवाळा विसरलेला अख्खा वाणच हाती लागला, असं तिचे प्रोफेसर जो भेटेल त्याला सांगत सुटले. ताईला मात्र अन्न गोड लागेना. एकजात सगळेच कसे विसरतील?

एका दुपारी, खोलीतल्या काळोखाच्या वेळी, तिने हलकेच दार उघडलं. कोपऱ्यात एक चेहरा उजळलेला. लॅबमधला तिचा सहकारी. दिवसभर तोंड उघडत नाही म्हणून त्याला सगळे 'मुनी' म्हणत. तो पिंजऱ्यांशेजारी स्टूल टाकून होणाऱ्या बायकोशी व्हिडिओवर गुलुगुलु बोलत होता. म्हणाला, इमारतीत निवांत जागा एवढीच, म्हणून रोजच येतो.

काळोखात असा फोनचाही उजेड पडला की हॅमस्टर दिवस मोठाच धरतात. मुनीच्या प्रेमाने खोलीत बारमाही उन्हाळा लागला होता.

"माझं अख्खं वर्ष खाल्लंस तू," ताई म्हणाली. त्यावर फोनमधून नवरीबाई बोलल्या, "पण उंदीर फार गोड आहेत हो."

प्रोफेसर दोन दिवस कुणाच्या नजरेला नजर देईनात. ताईने दाराला कुलूप घातलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला एकेक करत सगळे पांढरे झाले. दोन माद्या तेवढ्या तपकिरीच राहिल्या, खऱ्याखुऱ्या हिवाळा विसरलेल्या. तिने लगेच घरी फोन लावला. आता त्यांच्या पिल्लांवर काम करायचं, म्हणाली.

आईने जरा विचार केला. "म्हणजे ती आईवर जातात का, ते बघणार?"

"हो, अगदी तेच."

"मग मला विचारायचंस," आई म्हणाली. "तू बापावर गेलीयेस."