पुढच्या राउंडला सांगा

वर्तकनगरजवळच्या आमच्या उद्यानात सगळे एकाच दिशेने चालतात. तशी पाटी कुठेच नाही. देवळाला प्रदक्षिणा घालायची सवय लागलेली माणसं, गोल वाट दिसली की आपोआप उजवा हात आत ठेवून निघतात. आतला लाल ट्रॅक चालणाऱ्यांचा, बाहेरचा हिरवा पट्टा सायकलवाल्यांचा, आणि दोघांची दिशा एकच. मी मात्र उलटी चालते. त्यावरून बऱ्याच जणांनी ऐकवलंय. हास्यक्लबातल्या एक बाई म्हणाल्या, उलट्या फेऱ्यांनी पुण्य उतरतं. मी म्हटलं, उतरू दे, सोबत वजनही उतरलं तर बरंच.

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. नवरा होता तेव्हा आम्ही दोघं यायचो आणि सगळ्यांसारखे सुलटेच चालायचो. म्हणजे गेटातून एकत्र निघायचो. पहिल्या वळणाशीच मी पुढे. मला हळू चालता येत नाही. भाजी शिजेपर्यंतसुद्धा मी ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालते. तो हात पाठीमागे बांधून, झाडं बघत, रमतगमत. कधीकधी त्याच्या शेजारी एक माकडटोपी असायची. मी फेरी पुरी करून मागून आले की त्याचं निळं जर्किन दिसायचं. "अजून इथंच?" असं म्हणून मी पुढे सटकायचे. तो नुसता हसायचा.

दिवाळीच्या आधी तो गेला. झोपेतच. तेरावं झाल्यावर मी पुन्हा उद्यानात जायला लागले, कारण घरात बसवत नव्हतं. पण प्रत्येक वळणावर डोळे पुढच्या लोकांच्या पाठी तपासायला लागले. निळं काही दिसलं की पाय आपोआप पळायचे. एकदा तर एका परक्या गृहस्थांच्या शेजारी जाऊन मी "अजून इथंच?" म्हणालेसुद्धा. ते बिचारे दचकून माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी गेटातून शिरले ती डावीकडे वळायच्याऐवजी उजवीकडे वळले. उलटं चाललं की समोर नुसते चेहरे येतात. माझ्यासारखे उलटे चालणारे आणखी दोन-चार आहेत. त्यांच्या पाठी समोर आल्या की मी मान खाली घालते आणि पाय उचलते.

या ट्रॅकवर कुणाचं नाव कुणाला ठाऊक नसतं. शुगर किती, गुडघा कधी बदलला, सुनेशी का पटत नाही, सगळं ठाऊक. नाव विचारायचं तेवढं राहून जातं, आणि मग वर्षभरानं विचारायची लाज वाटते. सगळ्या बायका ताई आणि सगळे म्हातारे काका.

मी दिशा बदलली तेव्हा ती माकडटोपी पहिल्यांदा मला समोरून दिसली. आत पांढऱ्या जाड भुवया आणि हसरं तोंड. समोरून येणाऱ्याशी बोलणं म्हणजे हप्त्याहप्त्यानं. एका भेटीत एक वाक्य. "साहेब दिसत नाहीत हल्ली?" काकांनी विचारलं तोवर मी पुढे गेले होते. अर्धी फेरी उत्तर जुळवत चालले. पुन्हा समोर आले तेव्हा म्हटलं, "गेले ते. दिवाळीआधी." काका थांबले. मी थांबले नाही. फेरी मारून आले तरी ते तिथंच उभे होते, हात जोडून. मला त्यांचा रागच आला, कारण तोवर मी नीट होते.

मग अख्खी थंडी आम्ही असे तुकड्या-तुकड्यांनी बोललो. घरी कुणी विचारलं असतं, तुझी बोलायची माणसं कोण, तर मी पहिलं नाव त्यांचं घेतलं असतं. नाव ठाऊक असतं तर.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी ते म्हणाले, "साहेबांचं एक सांगायचंय तुम्हाला."

"पुढच्या राउंडला सांगा," मी मागे वळून ओरडले.

पुढच्या भेटीला ते म्हणाले, "असं पळता पळता नाही सांगता येणार. बसायला पाहिजे."

"उद्या बसू!"

त्याच दिवशी का नाही बसले? कारण मी बाकावर बसत नाही. बसलं की रडू येतं, आणि मला उद्यानात रडायचं नव्हतं. तरी रात्रभर मनाची तयारी केली, आणि सकाळी गेले तर माकडटोपी नाही.

दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी आणखी जोरात चालायला लागले, जणू जास्त फेऱ्या मारल्या की ते कुठूनतरी समोर येतील. डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. काय सांगायचं होतं? त्याच्या छातीत दुखत होतं आणि मला न सांगता या माणसाला सांगितलं होतं का? माझ्याबद्दल काही बोलला होता का? एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या कानावर न आलेलं एक वाक्य कुणा परक्याकडे होतं, आणि तो परका आता नव्हता. या वयाच्या माणसाचं न येणं म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

हास्यक्लबातल्या बाईंना विचारलं. "कोण, माकडटोपीवाले? अहो, आता उकडायला लागलं, कोण घालतंय टोपी!" असं म्हणून त्या हात वर करून हसायला गेल्या. मी चिडले. माणूस नाहीसा झालाय आणि यांना टोपीचं पडलंय. एका संध्याकाळी आजूबाजूच्या कॉलन्यांमधून हिंडले. निम्म्या जुन्या बिल्डिंगी पाडायला काढलेल्या, खिडक्यांच्या चौकटीसुद्धा उपटून नेलेल्या. एका वॉचमनला म्हटलं, "एक काका, भुवया पांढऱ्या, माकडटोपी घालायचे." तो म्हणाला, "नाव बोला ना मॅडम." आता नाव कुठून बोलणार?

सकाळी ट्रॅकवर स्पीकरवरची भक्तिगीतं चालू, आणि मागून कुणीतरी "अहो ताई, अहो ताई" करत असायचं. ट्रॅकवर ताईंना काय तोटा? ज्या कुणा ताईला हाक असेल तिने बघावं. मी मान खाली घालून पुढे.

शेवटी व्हायचं तेच झालं. एका सकाळी लाल ट्रॅकवर गर्दी होती. मला दम धरवेना. हिरव्या पट्ट्यावर उतरून चालायला लागले, आणि समोरून सायकल आली. हँडल माझ्या कोपराला लागलं, मी भेलकांडले, सायकलवाला कुंपणाच्या झुडपात गेला.

"अहो मॅडम, राँग साइडने काय येताय!" हेल्मेट सरळ करत तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. पण पडल्यावर बरोबर कोण हे ऐकायला कुणाला आवडतं? मी त्याच्याशी भांडायला तोंड उघडलं, तोवर दोन बायकांनी मला धरून बाकावर बसवलं. कोपर सोललेलं, पायात चमक. उठायला गेले तर उठवेना. कितीतरी दिवसांत मी पहिल्यांदाच एका जागी बसले होते.

आणि तेवढ्यात, ज्या बाजूने मी आले होते त्याच बाजूने एक टकले गृहस्थ धापा टाकत आले.

"सापडलात एकदाच्या!"

मी बघतच राहिले. डोकं अनोळखी, पण त्याखाली त्याच पांढऱ्या जाड भुवया.

"काका? तुमची टोपी?"

"आता कसली टोपी! घामोळं येईल." ते शेजारी टेकले. "तुम्ही काय बसायच्या नाहीत, ते मला त्याच दिवशी कळलेलं. म्हटलं, आपणच उलटं फिरू, गाठू तुम्हाला. पण तुम्ही कसल्या गाठू देताय! बाजूने सुसाट जाता, मान खाली. ताई ताई करून घसा बसला माझा. दुसरी काय हाक मारणार?"

मला हसावं की त्यांच्या पाया पडावं कळेना. इतके दिवस हा माणूस माझ्यामागे चालत होता, आणि त्याला ओलांडून पुढे जाऊन मी त्यालाच शोधत होते.

"आमची बिल्डिंग पाडतायत," ते म्हणाले. "रविवारी शहाडला चाललोय, लेकीकडे. इकडे परत कधी येणं होतंय माहीत नाही. न सांगता जायचं जिवावर आलेलं."

"सांगा," मी म्हटलं.

"तसं मोठं काही नाही हो. साहेब आणि मी बरोबर चालायचो. एकदा त्यांना बोललो, अहो जरा पाय उचला, मॅडम बघा किती पुढे गेल्या. तर म्हणाले, हळू चाललं ना काका, की ती जास्त वेळा भेटते."

मी रडले. उद्यानात, सगळ्यांसमोर, नाक ओढत. लोक सुलटे जात होते, बघत होते. सायकलवाला झुडपातून सायकल काढता काढता थांबला आणि त्याने मला पाण्याची बाटली दिली.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "चला, गेटापर्यंत सोडतो." आम्ही निघालो. सुलटे की उलटे, मी बघितलंही नाही. त्यांच्या चालीनं चालताना पायात पुढे पळायच्या मुंग्या आल्या, मी त्या येऊ दिल्या. गेट आलं. काकांनी निरोपाचे हात जोडले.

"काका," मी म्हटलं, "अजून एक राउंड मारू. हळू."