आठवी ब मधले डावे हात

गौतमीचा बी.एड.चा शेवटचा पाठ शिरूरच्या एका शाळेत, आठवी ब वर होता. पाठ बुडाला की निकाल अडकणार, आणि निकाल अडकला की तिकडे खुटबावात गुऱ्हाळावर तिच्या वडिलांनी चार महिने आधीच फोडलेली 'आमची पोर गणिताची बाई हाय' ही बातमी मागे घ्यावी लागणार. वडिलांना बातमी देता येते, मागे घ्यायची सवय नाही.

शेवटच्या बाकावर परीक्षक मॅडम गुणपत्रक घेऊन बसल्या होत्या. गौतमीने फळ्यावर गणित लिहिलं: एका संख्येच्या दोन तृतीयांशात पाच मिळवले की अकरा येतात, तर ती संख्या कोणती? मग वळून गोड आवाजात विचारलं, "कोण सांगेल?"

अडतीस मुलं, अडतीस हात वर. मॅडम प्रसन्न झाल्या. गौतमी नाही, कारण अडतीसच्या अडतीस हात डावे होते.

भानगड तिचीच. आदल्या दिवशी येऊन तिनेच पोरांना पढवलं होतं, "येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा. पण वर सगळ्यांनी. मी विचारणार उजव्यालाच." दहा-बारा तरी उजवे निघतील अशी तिची अटकळ होती.

ही युक्ती खुटबावच्या आनंदराव सरांची. सर म्हणजे देवमाणूस. तपासणीला साहेब आले की वर्ग हातांनी भरून जायचा, साहेब खूश, आणि एकाही पोराची फजिती नाही. गौतमीने पाचवी ते सातवी तीन वर्षं डावा हात वर केला. तिला कुणी रागावलं नाही, मारलं नाही आणि काही विचारलंही नाही. अपूर्णांक तिच्या दारावरून वरातीसारखे गेले. तिने आपलं उंबऱ्यातून पाहिलं.

आठवीला दौंडहून साधना बाई बदलून आल्या. त्यांना हा करार ठाऊकच नव्हता. पहिल्याच तासाला त्यांनी नेमकं गौतमीला उठवलं. ती रडकुंडीला आली तशा बाई म्हणाल्या, "सगळं नको गं. कुठपर्यंत येतंय तेवढं सांग."

"नुसतं वाचता येतंय, बाई."

"मग वाच."

अख्खा तास त्यात गेला. बाईंचा पोर्शन कधीच पुरा व्हायचा नाही आणि हेडमास्तर कायम तोंड पाडून फिरायचे. गौतमीला शिक्षिका व्हायचं होतं ते साधना बाईंसारखं. पण घाबरली की तिच्यातले आनंदराव सर आधी जागे होत.

आता पळावं तर दार मॅडमच्या बाजूला. पाठीशी फळा. खिडकी होती, पण तिला गज होते.

"प्रांजल, तू सांग."

दुसऱ्या बाकावरची प्रांजल उठली आणि भर बाजारात आईने हात सोडावा तशी पाहत राहिली. "बाई, माझा डावा हाय," ती कुजबुजली.

"माहितीये. कुठपर्यंत येतंय?"

"पाच पलीकडं न्हेलं की सहा ऱ्हातात. तिथनं पुढं न्हाई."

गौतमीने फळ्यावर भाकरी काढली, तिचे तीन तुकडे केले. "यातले दोन मिळून सहा. मग एक तुकडा केवढा?" एकजण म्हणाला, बारा. तिने त्याला बारा कसे ते सांगायला लावलं. तो दहा मिनिटं सांगत होता. मागून कुणी विचारलं, "बाई, तुकडं सारखंच हायेत ना पण?" प्रश्न लाखाचा होता. प्रांजल "तीन" म्हणाली आणि घंटा झाली. भाकरी नऊची झालीच नाही. पुढची तीन गणितं आणि गृहपाठ तसाच राहिला.

पोरं गेल्यावर मॅडमनी विचारलं, "हात अडतीस आणि उत्तर एकाकडेही नाही. हे कसं?"

गौतमीने सांगून टाकलं.

"मग सकाळपासून झालेल्या बाकीच्या पाठांतही हात असेच होते?"

व्हरांड्यातून सकाळी पाठ उरकलेल्या तिच्या वर्गमैत्रिणी डोकावत होत्या. "मी माझ्या पाठाचं सांगितलं, मॅडम."

मॅडमनी गुणपत्रक उघडलं. मग लिहिलं: पाठ अपूर्ण. "शुक्रवारी पुन्हा घ्या. पाठाचं नवं टाचण आणा, तुमच्या कॉलेजच्या मार्गदर्शक सरांच्या सहीचं. सहीशिवाय मी बसणार नाही."

टाचणात दोन रकाने असतात. एकात शिक्षक काय विचारणार, दुसऱ्यात विद्यार्थी काय उत्तर देणार. मुलांची उत्तरंही आपणच लिहायची, आणि बरोबरच लिहायची, अशी रीत. गुरुवारी कॉलेजात सर दुसरा रकाना वाचू लागले. 'सहापर्यंत येतंय. पुढं न्हाई.' त्याखाली, 'बारा.' त्याखाली काहीच नाही, कोरी जागा.

"अहो, विद्यार्थी असं उत्तर देतात का?"

"देतात, सर."

"वर्गात देत असतील. टाचणात देत नाहीत. बदलून आणा, मग सही."

सरांनी पेनाला टोपण घातलं आणि दुसरे कागद पुढे ओढले. गावाकडची चौफुल्याची एसटी साडेचारला होती. चार वाजून गेले होते. गौतमी तेच टाचण पुढे धरून टेबलापाशी उभीच राहिली.