तोबऱ्यातली बोरमाळ

अन्याय झाला तो एका टांगेवाल्यावर. पौषातल्या सोमवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगतो, कारण स्टेशन डायरीत ती नोंद मी स्वतः केली आणि त्याच वेळी त्याच्या दंडावरचा पितळी बिल्लाही मीच उतरवून घेतला. नोकरीतल्या कित्येक गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झालेत. डायरीचं ते पान मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर जिल्हा धुमसत होता, ती ही वर्षं. परभणीच्या कॉलेजात असताना मी नामांतराच्या बाजूनं पत्रकं लिहिली होती, सायक्लोस्टाइल करून चौकाचौकात वाटली होती. ‘संशय आधी वस्तीवर जातो, मग माणसावर,’ हे माझंच वाक्य. पुढे फौजदार झालो, आणि खाकी चढवून दोन वर्षं होत नाहीत तोच मी नेमकं तेच केलं. त्यामुळे ही हकिगत लिहिताना शब्द मऊ करणार नाही. स्वतःसाठी तर नाहीच.

जिल्ह्यातल्या एका जंक्शनच्या गावी माझं ठाणं होतं. गावाचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. हिवाळ्यात तिथं एका टूर कंपनीचा अख्खा रेल्वेडबा यायचा. आत झोपायच्या जागा, आचारी, दिमतीला एक नोकर आणि सगळ्यांवर एक मॅनेजर. पहाटेच्या गाडीचा हा डबा इथं कापून बाजूच्या लाइनीवर उभा करत आणि संध्याकाळी साडेपाचच्या पॅसेंजरला जोडून पुढे पाठवत. मधला सगळा दिवस प्रवाशांचा. त्यांच्यापुढे दोन वाटा असत. एक, कंपनीची बस: औंढ्याला दर्शन, ठरलेलं दुकान, परत. दुसरी, आपलं आपण उतरायचं, स्टेशनबाहेरचा टांगा करायचा आणि वाटेल तिथं फिरायचं.

मॅनेजर रोज सकाळी डब्यात उभा राहून सांगायचा, “बसनं या, सुखरूप याल. एकटे गेलात तर जबाबदारी तुमची. इथले लोक कसे आहेत, ते मी बोलत नाही.” बोलत नाही म्हणायचं आणि तेवढ्यातच सगळं बोलून मोकळं व्हायचं!

त्या सोमवारी डब्यात सांगलीकडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांची बहीण आदल्याच फेरीला येऊन गेली होती. तिनं बजावलं होतं, “बसनं जाऊ नकोस. देवापुढे पाच मिनिटं आणि साड्यांच्या दुकानात दीड तास. सरळ टांगा कर.” बाईंनी तेच केलं. टांगेवाल्यानं त्यांना नदीचा संगम दाखवला, ओळखीच्या शेतात नेऊन हुरडा खाऊ घातला आणि अकरा वाजता स्टेशनवर आणून सोडलं. बाई डब्यात गेल्या, पिशवी आपल्या जागेवर ठेवली, नळावर हातपाय धुतले, जेवल्या. मग पिशवी उघडली तर आईची बोरमाळ, मखमली बटव्यासकट, गायब.

“टांग्यातनं गेला होता ना?” मॅनेजर म्हणाला. “मी सांगत नव्हतो?”

टांग्यांचा अड्डा आमच्या हद्दीत. माझा हवालदार मॅनेजरला घेऊन तिथं पोचला, दोन पंच बोलावले, झडती घेतली. टांग्याच्या मागच्या आकड्याला लटकवलेल्या पिशवीत बटवा सापडला. बटव्यात बोरमाळ. हवालदारानं टांगेवाल्याला ठाण्यात आणलं आणि माझ्यासमोर आधी त्याच्या कानाखाली वाजवली, मग नाव विचारलं.

“लाइनीपलीकडच्या वस्तीतला हाय साहेब,” हवालदार म्हणाला. “आता ह्यात काय इचारायचं?”

टांगेवाला बौद्ध होता, एवढाच त्याचा अर्थ. मी डायरी उघडली. हात माझा नव्हता, पण खुर्ची माझी होती.

मॅनेजर मोठ्या मनाचा आव आणून पुढे झाला. “फौजदारसाहेब, माल मिळाला, आमची तक्रार नाही. कोर्टकचेरीत गरिबाला कशाला ओढायचं? फक्त हा माणूस परत स्टेशनवर दिसू देऊ नका.”

आम्हा पोलिसांना यासारखं गोड काही नसतं. गुन्हा नाही, तपास नाही, रजिस्टर कोरं. मी टांगेवाल्याचा बिल्ला उतरवला. त्या बिल्ल्याशिवाय अड्ड्यावर टांगा उभा करता येत नाही. म्हणजे मी त्याचं पोट टेबलावर काढून ठेवलं होतं. डायरी लिहिली आणि म्हणालो, “जा. परत तिकडे फिरकू नकोस.”

तो गेला नाही.

“साहेब, गुन्हा लिवा.”

“काय?”

“माझ्यावर गुन्हा लिवा. न्हाईतर बिल्ला द्या. चोर म्हणायलात तर कागदावर म्हणा. जजापुढं उभं करा, तितं मी बोलतो. असंच हाकलून दिलं तर आमी बोलावं कुटं?”

उभ्या नोकरीत ‘माझ्यावर गुन्हा लिहा’ म्हणणारा आरोपी मला तो एकच भेटला. चोर गयावया करतो, पाय धरतो, देवाची शपथ घेतो. कागद मागत नाही. कागदाला भितो तो दुसराच कुणी असतो. मी मॅनेजरकडे पाहिलं. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता. पौषात!

तेवढ्यात दारातून आवाज आला. अड्ड्यावर पेरू विकणारी म्हातारी टोपली घेऊन थेट आत आली होती. पहाऱ्यावरचा शिपाई तिला अडवत होता आणि ती त्यालाच झापत होती. “सर बाजूला! सायेब, ह्यो मानूस आला तवा मी तितंच व्हते. आल्या आल्या ह्यानं घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधला. घोड्यानं खाल्लं की माज्यासमोर! मंग ह्यो तोबरा काढून, टांग्याला अडकवून च्या प्यायला गेला. तवा डब्यातला त्यो नोकर आला, घोड्यापाशी घुटमळला. मी म्हनलं, शहरातला हाय, घोडं बगायलाय लेकरावानी.”

मी पंचनामा पुढे ओढला. त्यात लिहिलं होतं, ‘कापडी पिशवीत’. हवालदाराला विचारलं, “ही पिशवी म्हणजे तोबरा होता?”

हवालदार सोनपेठकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. त्याला तोबरा कळत नाही असं कसं होईल? तो चाचरला. “व्हय साहेब. पन मॅनेजरसाहेब पिशवी पिशवी म्हनत होते, म्हनून...”

“आणि झडतीत आधी कुठं पाहिलं? बसायची पेटी, गवताचं पोतं?”

“न्हाई साहेब. हे म्हनले, त्या पिशवीत बघा. तितंच, वरल्या घडीत घावलं.”

ज्यांनी घोडं पाळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तोबरा म्हणजे सामानाची पिशवी नव्हे. त्यात हरभऱ्याची भरड घालून तो घोड्याच्या तोंडाला बांधतात. घोडा त्यात नाकापर्यंत तोंड खुपसतो, फुरफुरतो, लाळ गाळतो. खाऊन झाल्यावर तोबऱ्याचा तळ चिखल होतो. मी ड्रॉवरमधून मुद्देमालाचा बटवा काढला. तांबडी मखमल, कोरडी ठणठणीत. भरडीचा एक कण चिकटलेला नाही. म्हणजे घोड्यानं खाऊन तोबरा टांग्याला लटकवल्यावरच कुणीतरी तो वरच्या घडीत खोचला होता.

मी अज्ञात चोराविरुद्ध गुन्हा दाखल करायला घेतला. टांगेवाला म्हणाला म्हणून, आणि त्याच्याचसाठी.

मॅनेजर उठून उभा राहिला. “अहो, साडेपाचला आमचा डबा जोडतात!”

“मग लवकर बोला. बसा. तोबरा म्हणजे काय?”

“तोबरा? तेच ते... टांगेवाल्याची पिशवी. डबा, टॉवेल ठेवायची.”

“तुम्ही चोर असतात तर सोन्याची माळ अशा पिशवीत ठेवली असती?”

“म्हणजे?”

चौकशीत नवख्या अधिकाऱ्याची चूक एकच होते, सापडलं की तो लगेच बोलून दाखवतो. मी मॅनेजरला बाहेरच्या बाकावर शिपायाशेजारी बसवलं आणि नोकराला आणायला माणूस पाठवला. हवालदार कानाशी येऊन पुटपुटला, “साहेब, चोरी डब्यात झाली असंल तर लोहमार्गवाल्यांच्या गळ्यात मारू की. आपल्याला कशाला?” मी म्हणालो, “लोहमार्ग पोलिसांना कळवा. पण माल आपल्या हद्दीत सापडलाय आणि थापड आपल्या ठाण्यात पडलीय.” तो फोनकडे वळला.

तीन वाजता कंपनीची बस औंढ्याहून परतली. मी मुद्दाम तीच वेळ धरली. अड्ड्यावर नवे पंच उभे केले, बाईंना बोलावलं, मॅनेजर आणि नोकर दोघांना समोर आणलं. बसमधून उतरलेले प्रवासी भोवती जमले.

“असाच एखादा बटवा पाहिजे,” मी म्हणालो.

कुणाकडे नव्हता. सगळ्यांच्या नजरा हवालदाराच्या कमरेला गेल्या. तिथं त्याची पानतंबाखूची चंची लटकत होती.

“साहेब, ही माझ्या सासऱ्यानं दिलेली हाय!”

“काढा.”

चंची रिकामी करून तोबऱ्यात टाकली, वर भरड घातली. टांगेवाल्यानं तोबरा घोड्याला बांधला. घोड्यानं तोंड घातलं, एकदा फुरफुरला आणि मान अशी झटकली की पुढचे दोन प्रवासी मागे सरले. मग निवांत खाऊ लागला. दोन मिनिटांनी तोबरा सोडला. चंची बाहेर आली ती ओलीचिंब, एक कोपरा चावलेला, भरडीनं माखलेली, लाळेची तार लोंबते आहे. पेरूवाली खो खो हसत सुटली. “हवालदार, आता लावा पान!”

बाईंनी आपला मखमली बटवा त्या चंचीशेजारी धरला. मग नाकाशी नेला. चाळीस वर्षं वर्गापुढे उभं राहिलेला आवाज होता तो. “याला घोड्याचा वाससुद्धा नाही.” आणि त्या मॅनेजरकडे वळल्या. “पिशवी मी डब्यात ठेवली होती. टांग्यात नाही. आणि मी तुमचं ऐकून या माणसाला चोर म्हणाले!”

नोकर मॅनेजरपासून बाजूला सरकून पुढे आला. “साहेब, मला यांनीच ठेवायला सांगितलं. बस रिकामी जायला लागली म्हणून. एकदा चोरी झाली की पुढच्या फेरीला कुणी टांग्यात बसणार नाही, असं म्हणाले.”

बस रिकामी जात होती! एवढ्यासाठी एका माणसाची अब्रू तोबऱ्यात घातली. प्रवाशांनी ते ऐकलं आणि असा गलका केला की मॅनेजरला तिथून काढायला मला शिपाई लावावे लागले. बाईंनी त्याच्याविरुद्ध फिर्याद दिली, नोकराचा जबाब झाला, लोहमार्ग पोलीस आले, मॅनेजरला अटक झाली. पुढे कोर्टात तो दोषी ठरला.

पण माझ्या लेखी खटल्याचा निकाल त्याच दिवशी, सव्वाचारला लागला. बिल्ला माझ्या खिशात होता. बाई म्हणाल्या, “द्या इकडे, मी बांधते. चूक माझीही आहे.”

टांगेवाल्यानं दंड मागे घेतला. “न्हाई बाई. सायबानं काढलाय. सायबच बांधतील.”

साऱ्या अड्ड्यासमोर मी त्याच्या दंडावर बिल्ला बांधला. त्यानं एकदा हात फिरवून बघितला आणि हवालदाराला म्हणाला, “हवालदारसाहेब, माझ्या घोड्यानं तुमची चंची खाल्ली, म्या तुमची थापड. फिट्टंफाट.”

अड्डा हसला. हवालदार खाली मान घालून म्हणाला, “चुकलं माझं.” फिट्टंफाट झालेलं नव्हतं; तो त्या माणसाचा मोठेपणा होता. थापडेची नोंद मी डायरीत केली, ‘माझ्या समक्ष’ हे दोन शब्द घालून. त्याबद्दल वरून मेमो आला, हवालदाराला आणि मलाही. तो मी जपून ठेवलाय.

डबा जोडायला अजून तास होता. बसमधून आलेली बायामाणसं टांग्यांकडे धावली. “संगम किती लांब? होईल का तेवढ्यात?” अड्ड्यावरचे सगळे टांगे भरले. सगळ्यात पुढे तो टांगा, त्यात पुन्हा त्या बाई. पेरूवालीची टोपली रिकामी झाली. साडेपाचला डबा सुटला तेव्हा एकही प्रवासी मागे राहिला नव्हता आणि कुणाचीही वस्तू हरवली नव्हती.

या केसनं मला शिकवलं ते एवढंच: जो तक्रार नको म्हणतो पण माणूस हाकलून द्या म्हणतो, त्याची तक्रार आधी लिहून घ्यावी. आणि आरोपीनं कागद मागितला तर खुर्चीतून उठून उभं राहावं.

आता तुमच्याकडे वळतो. तुम्हीही सहलींना जाता. तुमच्या गाडीतही कुणीतरी उभा राहून सांगतो, “बाहेर एकटे जाऊ नका, इथले लोक चोर आहेत.” तुम्ही मान डोलावता आणि पिशवी छातीशी धरता. हे बंद करा. त्याला भर गाडीत विचारा: कोण चोर? कुठल्या ठाण्यात नोंद आहे? गुन्हा नंबर सांग! सांगता आला नाही तर खाली उतरा, आणि बाहेर जो पहिला टांगेवाला, रिक्षावाला उभा असेल त्याच्या गाडीत जाऊन बसा.