नाडी तुमच्या हातात

"वहिनी, माझी नाडी तुमच्या हातात," असं म्हणून ती मनगट पुढे करायची आणि स्वतःच खो खो हसायची.

नाडी खरोखरच होती, आणि माझ्या परकराची होती. ही बाई जन्मापासून आंधळी. अंध धावपटूबरोबर एक डोळस वाटाड्या पळतो आणि दोघांच्या मनगटांना एकच दोरी बांधलेली असते. पहिल्या सकाळी आमच्याकडे दोरीच नव्हती, म्हणून मी घरी जाऊन हाताला लागलेल्या परकरातून नाडी उपसून आणली. पुढे तिच्या भावाने दुकानातून चांगली दोरी आणली, तर बाईसाहेबांना ती पसंत पडेना. "नाडीच बरी. हिच्यावर माझा हात बसलाय."

बेव्हर्ली पार्क नावाच्या आमच्या वसाहतीत, आमच्याच इमारतीत ती भावाकडे राहायची. मूळची रत्नागिरीकडची, बँकेत टेलिफोनवर कामाला, वय चाळिशीला टेकलेलं. एकदा लिफ्टमध्ये माझी चाहूल ओळखून म्हणाली, "वहिनी, रोज सकाळी चालता ना? मग जरा पळा की माझ्याबरोबर." मी म्हटलं, "अगं, मला गुडघे आहेत, सासूबाई आहेत, नवरा आहे." तर म्हणते, "त्या सगळ्यांना घरी ठेवून या." आता अशा बाईला नाही म्हणून दाखवा तुम्ही!

मैदान कसलं, इमारतींच्या मधला खड्ड्यांचा तुकडा तो. वॉचमन ओरडायचा, "दीदी, आगे गड्ढा है!" तोवर आम्ही दोघी खड्ड्यात. तिचं ढोपर फुटलं की रडकुंडीला मी यायची. ती माती झटकत म्हणायची, "बसलेली बाई कधी पडते का वहिनी? पळत होते म्हणून पडले." बाकड्यावरच्या बायका कुजबुजायच्या, "या वयात काय ही हौस!" तिला ते नेमकं ऐकू जायचं. मग त्यांच्यासमोरून जाताना ती मुद्दाम वेग वाढवायची आणि जीव माझा जायचा.

तिला एकदा राज्याच्या शर्यतीत पळायचं होतं. तेवढंच मागणं. त्यासाठी आधी जिल्ह्याची शर्यत पार करायची होती. तिने माझ्याकडून एकच नियम घोकून घेतला. शेवटच्या रेषेवर वाटाड्याने पुढे जायचं नाही. तो आधी गेला, तर पळणारीची सगळी मेहनत बाद. "शेवटी तुम्ही मागं, वहिनी. लक्षात आहे ना?"

जिल्ह्याच्या शर्यतीत मी इतकी मागे राहिले की नाडी ताणली गेली. तिघीच पळत होत्या, त्यात ही दुसरी आली. राज्यासाठी निवड झाली. भर मैदानात मला मिठी मारून कानात म्हणाली, "किती जणी होत्या ते घरी सांगू नका हां."

मग तापाचं निमित्त झालं. साधा ताप म्हणता म्हणता तिला अतिदक्षता विभागात हलवलं. डॉक्टरांनी नाडी बघायला मनगट धरलं, तर खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "ती वहिनींकडे आहे." डॉक्टरांना काही कळलं नाही. मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. परत आत गेले तेव्हा तिने विचारलं, "राज्याची शर्यत पुढे ढकलतील का हो?"

"ढकलतील. न ढकलून जातात कुठे!" मी म्हटलं.

त्याच आठवड्यात ती गेली. अशी माणसं जातात आणि आपल्याला रोज सकाळी जाग येत राहते, हे मला अजून पटलेलं नाही.

तिला इमारतीखाली आणलं तेव्हा मी नाडीचं एक टोक तिच्या मनगटाला बांधलं, रोजच्यासारखं घट्ट. दुसरं टोक माझ्या मुठीत होतं. लोकांनी तिला खांद्यावर घेतलं आणि मी बाजूने चालू लागले. फाटकाशी गावाहून आलेले तिचे काका वळून म्हणाले, "बायकांनी इथंच थांबायचं. पुढे यायचं नाही."

सगळ्या थांबल्या. मीही थांबले. ती पुढे गेली, नाडी ताणली गेली.

शेवटी तुम्ही मागं, वहिनी.

मी मूठ उघडली.