मित्राच्या वाटणीचे तीळ

आमच्या घरचे महालय श्राद्ध दुपारीच होते. ऊन माथ्यावर येते आणि अंगणातल्या वृंदावनाची सावली त्याच्याच पायाशी गोळा होते, तो सुमार कुतपकाळाचा. तेथून अपराह्ण सरेपर्यंत पितरांची वेळ. माझा धाकटा भाऊ खामगावास असतो. पितृपक्ष सुरू झाला की तो फोन करतो आणि दरवर्षी तेच विचारतो, "दादा, यंदा नऊपर्यंत उरकता नाही येत काय? दिवस मोडते माहा."

मीही दरवर्षी तेच सांगतो. सकाळी होते ते नांदीश्राद्ध. मुंजीच्या, लग्नाच्या आधीचे, आनंदाचे. ज्याला श्राद्ध सकाळी हवे असेल त्याने आधी घरात लग्न काढावे.

तिथीच्या बाबतीत मी कोणाची भीड ठेवीत नाही. बुलढाण्यात चाळीस वर्षे संस्कृत शिकविले, आणि शाळेबाहेर लोक विचारायला आले तेव्हा जे वाचले होते तेच सांगितले. रविवार सोयीचा असेल, पण रविवार ही तिथी नव्हे. पतीच्या आधी गेलेल्या स्त्रीची नवमी, संन्याशाची द्वादशी, अपघाताने किंवा शस्त्राने गेलेल्याची चतुर्दशी. ज्याची तिथी कोणालाच ठाऊक नाही त्याची अमावास्या. आमचे वडील पौर्णिमेस गेले. भाद्रपदी पौर्णिमा पक्षाच्या बाहेर पडते, म्हणून त्यांचे महालय आम्ही सर्वपित्री अमावास्येस करतो. इतके जपून चालणाऱ्या माणसावर यंदा त्याच्याच घरच्यांनी आरोप ठेवला की, म्हातारा शास्त्र मोडायला निघाला आहे.

कारण एका मित्राचे नाव.

आम्ही एकाच शाळेत होतो. मी संस्कृत शिकवी, ते गणित. त्यांचे घर देऊळघाटच्या रस्त्याला, माझे गावात. शेवटपर्यंत मी त्यांना सर म्हणत आलो आणि ते मला शास्त्रीबुवा. अहो-जाहो कधी सुटले नाही आणि थट्टाही कधी थांबली नाही. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा सर लहान होते. त्या दिवसापासून त्यांच्या घरी पिंड नाही, पक्ष नाही. एरवी आठवड्यातून एकदा ते आमच्याकडे जेवत, मी त्यांच्याकडे जेवे. पण भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की आमच्या घरचे पाणीसुद्धा ते अंगणात उभ्यानेच पीत.

"काऊन हो बुवा, तुमच्या पितरायले अजून भूक लागून राह्यली काय?" ते विचारीत.

"लागते. आणि वड्यांवर त्यांची फार प्रीती आहे."

"मंग त्यायलेच द्या. मी पक्ष संपल्यावर येतो. वहिनीले सांगा, ताजी पोळी करा, उरलंसुरलं चालणार नाही."

आणि अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, घटस्थापना आटोपली की, फाटकाची कडी वाजे. "पक्ष संपला काय हो शास्त्रीबुवा?" असे विचारूनच ते आत येत. त्या दिवशी आमच्याकडे पुरण असे. ते नैवेद्याचे, असे मी म्हणे. ते आपल्यासाठी आहे, असे ते म्हणत. घरातल्यांना विचाराल तर त्यांचेच म्हणणे खरे होते.

एकदा अशाच जेवणात त्यांनी हात थांबवून म्हटले होते, "बुवा, मी गेल्यावर मले नका बोलावू हं जेवाले. मी येणार नाही, अन् तुम्ही म्हणान, शास्त्र खोटं निघालं." आम्ही दोघेही खूप हसलो. तेव्हा ते मला थट्टेहून अधिक काही वाटले नाही.

सर गेले त्याला दोन वर्षे होत आली. कार्तिकात गेले. पहिले वर्ष सरल्याशिवाय महालयात नाव येत नाही, म्हणून गेल्या भाद्रपदात मी थांबलो. यंदा थांबण्याचे कारण उरले नव्हते. महालयाची व्यवस्था फार उदार आहे. आधी वडील, आजोबा, पणजोबा, मग आई, आजी, पणजी, आईकडचे, त्यानंतर काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, आणि शेवटी गुरू, शिष्य, आप्त, मित्र. मित्राला तेथे जागा आहे. ती मी निर्माण केलेली नाही, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ती करून ठेवलेली आहे. आजवर त्या जागी म्हणण्यासारखे नाव माझ्याजवळ नव्हते, एवढेच.

नवमीस भावाचा फोन आला तेव्हा मी हे सहज सांगितले.

"दादा, आपल्या आजोबा-पणजोबाच्या पंगतीत?"

"त्यांच्यानंतर. मित्रांच्या जागी."

"लोक काय म्हणतीन?"

"लोक आपल्या श्राद्धाला कधी आले आहेत? वडे मागायला तेवढे येतात."

"अन् गोत्र? गोत्र काय सांगशील?"

त्याला वाटले, येथे मी अडेन. मी म्हणालो, "ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप म्हणावे. हेही तू वडिलांजवळच शिकला आहेस. विसरलास."

मग तो चिडला. मी यंदा येणारच नाही, आलोच तरी त्या नावाला पाणी सोडताना बसणार नाही, उठून ओट्यावर जाईन, असे म्हणाला. मी म्हटले, ओट्यावर ऊन असते, टोपी घेऊन ये. त्या संध्याकाळपासून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर चुलतभावंडांचे लिहिणे सुरू झाले. कोणी कुलाचार लिहिला, कोणी पितृदोष लिहिला, कोणी हात जोडल्याची चित्रे धाडली. ज्यांना आपल्या पणजीचे नाव सांगता येत नाही, ते मला परंपरा शिकवीत होते. मी त्या गटावर कधी लिहीत नाही. तेव्हाही लिहिले नाही. माझा निश्चय झालेला होता आणि त्याला कोणाच्या अंगठ्याची गरज नव्हती.

एक गोष्ट मात्र शास्त्राप्रमाणे करायची राहिली होती. श्राद्धाचा अधिकार आधी अपत्याचा. मित्राची पाळी फार मागून येते. सरांना एकच मुलगी. ती बुलढाण्याच्या कोर्टात वकिली करते. तिच्या वडिलांसाठी तीळपाणी द्यायचे, तर तिची अनुज्ञा घेणे मला आवश्यक वाटले. ती नाही म्हणेल हे मनातही आले नव्हते. खरे सांगायचे तर मी काहीसा ताठ मानेने निघालो होतो. तिच्या वडिलांसाठी मी माझ्या अख्ख्या कुळाशी भांडतो आहे, हे तिला कळावे, असेही कोठेतरी होते.

चतुर्दशीस दुपारी गेलो. सरांची खुर्ची खिडकीशी होती तेथेच होती. तिने चहा केला.

"काका, पक्षात तुम्ही कोणाकडं जात नाही ना? बाबा हसायचे यावरून."

"काम आहे, बाई. उद्या सर्वपित्री. उद्या मी सरांचे नाव घेणार आहे, तीळपाणी सोडताना. घरच्यांचा विरोध आहे, तो मी पाहून घेईन. तुझी अनुज्ञा हवी."

तिने कप खाली ठेवला. "नाव कसं घेतात त्यात?"

मी सांगितले. आधी नाते, मग नाव, मग गोत्र.

"आमचं गोत्र कोणतं सांगणार?"

"काश्यप. ज्याचे ठाऊक नाही त्याला ते द्यावे, अशी सोय आहे."

"ठाऊक नाही, असं नाही काका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. कोर्टातही ती अशीच बोलत असावी. "नको होतं. आजोबांनी शपथ घेऊन सोडलं, बाबांनी जन्मभर पाळलं. तुम्ही उद्या एका दुपारी ते परत लावून देणार. कौतुकानंच लावणार, मले माहीत आहे. तरी नाही."

"मी त्यांना आमच्यात ओढत नाही. मित्र म्हणून जे माझ्याजवळ आहे ते देतो आहे."

"अन् त्यांनी ते घेतलं असतं?"

मी सरांच्या खुर्चीकडे पाहिले.

"तुमच्या घरी आठवड्याला जेवणारा माणूस पंधरा दिवस अंगणात उभा राहून पाणी पीत होता. उगीच काय?"

"मला त्यांचे नाव घ्यावेसे वाटते," मी म्हणालो. एवढेच उरले होते.

"घ्या ना! रोज घ्या. आत्ता माझ्यासमोर घ्या. तिळासंगं नका घेऊ." मग ती उठली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. "मी येते पक्ष संपल्यावर. बाबांसारखी. काकूले सांगा, ताजी पोळी."

परत येताना मला राग आला होता, हे मी लपवीत नाही. ज्याच्यासाठी घरात वैर पत्करले, त्याच्याच दारातून हात हलवीत परतलो. वाटेत दोनदा मनात आले की विचारलेच नसते तर बरे होते. मित्राची जागा तिला विचारून का भरावी, ती माझी जागा आहे. देवळापाशी थांबलो, पाय धुतले, आत जाऊन बसलो. तेथे सरांचे ते वाक्य आठवले. मले नका बोलावू हं जेवाले. मी येणार नाही. त्यांनी मला चाळीस वर्षांत एकही खोटे उत्तर दिले नव्हते, गणितातही नाही आणि थट्टेतही नाही. श्राद्ध हा शब्द श्रद्धेपासून आला, हे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल. त्यांची श्रद्धा दुसरीकडे होती आणि ती माझ्याइतकीच कडक होती. ती बाजूला सारून त्यांच्या ओंजळीत माझे तीळ कोंबणे, याला मी शास्त्र म्हणणार होतो.

अमावास्येस भाऊ आला. टोपी घेऊन आला. दोघांपैकी कोणीच तो विषय काढला नाही. पाटावर तो माझ्या डावीकडे बसला. दर्भ, तीळ, पिंडांचा भात, गवारीची भाजी, कढी, वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळे आपापल्या जागी होते. ब्राह्मण जेवून उठले, पिंड झाले. मग एकेका नावाने पाणी सुटू लागले. मावशीपर्यंत आलो. गुरू झाले. तेव्हा त्याने टोपीकडे हात नेला.

मित्राच्या जागी मी थांबलो. तीळ ओंजळीत होते, तांब्या उचललेला होता. एक नाव उच्चारायला लागतो तेवढा वेळ मी तसाच बसलो, आणि तीळ परत वाटीत टाकले. या थांबण्याला कोणी मौनातले तर्पण म्हणू नये. मी तेथे काहीही दिले नाही. ती जागा मोकळी सोडली, आणि मी आहे तोवर ती मोकळीच राहील. दुसऱ्या कोणाचे नाव मी तेथे घालणार नाही.

जेवायला बसलो तेव्हा भावाचा चेहरा उजळला होता. "बरं झालं दादा. शेवटी तुले पटलं." त्याने एका हाताने फोन काढला आणि गटावर लिहिले: दादाने ऐकले, सर्व यथासांग पार पडले. लगेच हात जोडल्याची चित्रे येऊ लागली.

मी चष्मा मागवला. उजवा हात खरकटा होता, म्हणून डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधीत, मी त्या गटावर पहिल्यांदा लिहिले: "नाव घेतले नाही, ते तुमच्या सांगण्यावरून नव्हे. शास्त्रात त्यांना जागा होती आणि आहे. त्यांनी ती घेतली नाही. तुमच्यापैकी कोणीही हा आपला विजय समजू नये."

भावाच्या मांडीवरचा फोन वाजला. त्याने वाचले. पुन्हा वाचले.

"मी समोरच बसलो आहे न दादा. इतकं लिहायची गरज होती काय?"

"होती. तू सगळ्यांना लिहिलेस. काल मी सरांच्या मुलीकडे गेलो होतो. तिने नाही म्हटले, म्हणून थांबलो."

"अन् त्यायच्या पोरीनं नाही म्हटलं, म्हणून गुमान परत आलास? माह्याशी तर नवमीपासून भांडून राह्यला होतास."

"तू म्हणालास, त्यांची लायकी नाही. ती म्हणाली, त्यांची इच्छा नाही. ही दोन्ही उत्तरे तुला सारखी वाटत असतील, तर कढी घे आणि गप्प जेव."

त्याने कढी घेतली. पानाकडे पाहतच म्हणाला, "उद्या काय आहे?"

"घटस्थापना. पक्ष संपतो. सरांची मुलगी जेवायला येणार आहे."

"पुरण आहे काय?"

"आहे."

"मंग सकाळची गाडी धरत नाही मी."

"दुपारनंतरची धर," मी म्हणालो. "आमच्याकडे नऊपर्यंत काही उरकत नाही."