अडचण नाही

आत्याला जन्मापासून दिसत नाही. सव्वीस वर्षं तिने इस्पितळाचा टेलिफोन बोर्ड सांभाळला. पहिल्या ‘हॅलो’वरून ती माणूस ओळखायची, आणि त्याच्या घरी काय झालं असेल तेही. मग बोर्ड गेला आणि तिला चौकशीच्या टेबलाशी बसवलं. तिथे कुणी चौकशी करत नसे. मी आता फर्निचर झालेय, फक्त मला जेवणाची सुट्टी असते, असं ती सांगायची.

त्या रिकाम्या वर्षांत तिला हे काम सापडलं. वेबसाइट बनवायचं एक सॉफ्टवेअर आहे, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणालाही फुकट वापरता येणारं. नवी आवृत्ती निघण्याआधी ते अंध माणसाला वापरता येतं का, हे आत्या तपासते. माऊस नाही. फक्त कीबोर्ड, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज. तो तिने इतका भरभर लावलेला असतो की आम्हाला डब्यात माशी अडकल्यासारखं वाटतं. कुठल्या बटणाला नाव नाही, कुठलं चित्र मुकं आहे, हे ती टिपून पाठवते.

बाबा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, तिला चिडवायचे. ही फुकटची फौजदारी किती दिवस करणार, म्हणायचे.

“तुला डोळे आहेत तोवर तुला नाही कळायचं,” असं ती म्हणायची. पुढे हे वाक्य तिने टाकून दिलं.

बाबा एका सरकारी कार्यालयात नकाशे काढायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर कडेकडेने जायला लागली. डॉक्टरांनी आढेवेढे घेतले नाहीत. हे थांबणार नव्हतं. आत्याने त्यांना आवाजावर काम करायला शिकवलं. कार्यालयात पत्रव्यवहाराची एक जागा अशा माणसासाठी राखलेली होती. अर्ज कार्यालयाच्या वेबसाइटवर भरायचा, तोही स्वतः. ज्याला अर्ज भरता येत नाही त्याला ते काम काय जमणार, असं साहेबांनी बजावलं होतं. मुदत दहा दिवसांची.

वेबसाइट त्याच सॉफ्टवेअरवर बांधलेली निघाली. आत्याला कोण आनंद झाला.

“बिनधास्त भर,” ती म्हणाली. “एकूण एक रकाना माझ्या हाताखालून गेलाय.”

मदत मात्र बाबांनी नको म्हटलं. सुट्टी काढून ते दुपारी दार लोटून बसायचे. नाव, पद, अनुभव भरून झालं. मग एक चौकट आली: दृष्टी कमी झाल्याची तारीख. तिथे एक छोटं कॅलेंडर उघडायचं. पुढे जायची कळ दाबली की आवाज एक, दोन, तीन करत एकतीसपर्यंत जायचा आणि परत एकवर यायचा. बाहेर पडायला वाट नव्हती. दाराबाहेरून आम्हाला आकडे ऐकू यायचे. वाटायचं, काम चाललंय. चार दुपारी बाबा त्या एका महिन्यात फिरत राहिले. ताईने तपासलंय म्हणजे चूक आपलीच, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. विचारायची लाज वाटली.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या आली, तेव्हा ते म्हणाले, “मला नाही जमलं, ताई. मी ढ निघालो.”

पान अजून उघडत होतं, फक्त अर्ज पाठवायचं बटण बंद झालं होतं. आत्या खुर्चीत बसली, त्या चौकटीत शिरली आणि क्षणात बाहेर पडली.

“निघालं की.”

“काय दाबलंस?”

तिला सांगता येईना. मग तिने तेच पुन्हा केलं, अगदी सावकाश, स्वतःच्याच बोटांकडे कान लावून. एस्केप दोनदा, मग शिफ्ट धरून टॅब. कधीतरी कुठल्याशा जुन्या आवृत्तीत ती अशीच अडकली होती आणि ही पळवाट तिने शोधली होती. पुढे ती इतकी अंगवळणी पडली की वाटेत काही आडवं येतंय हेच तिला जाणवेनासं झालं. तपासणीच्या अहवालात त्या चौकटीपुढे तिने लिहिलं होतं: अडचण नाही.

ती कार्यालयात गेली. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, मग सॉफ्टवेअरच्या तपासणीचा कागद काढून वाचून दाखवला. “बाई, एका अंध व्यक्तीने हे स्वतः वापरून पाहिलंय, असं इथे लिहिलंय.”

“ती मीच.”

“मग?”

साहेबांनी कागद परत फायलीत लावला, मुदत वाढवली नाही. महिनाअखेरीला बाबा घरी बसले. निवृत्तीला अजून सात वर्षं होती.

आत्याने दोष कळवला. चार दिवसांत तो दुरुस्त झाला. कुठल्याशा देशातल्या प्रोग्रामरने कौतुकाने लिहिलं की हे इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही. दोष शोधणाऱ्याचं नाव आभाराच्या यादीत येतं. तिने स्वतःचं न देता बाबांचं दिलं.

आता तपासताना ती आवाज संथ लावते, शिकाऊ माणसासारखा. तरी बोटं सवयीने पुढे धावतात. मग ती हात मांडीखाली दाबून बसते.

यादी आली त्या दुपारी तिने ती बाबांना ऐकवली. यंत्राच्या आवाजाने त्यांचं आडनाव मधेच तोडून वाचलं. बाबांनी पुन्हा लावायला सांगितलं. तिने लावलं.

“ऑफिसात असतो,” बाबा म्हणाले, “तर दाखवलं असतं कुणाला तरी.”